टर्बोवाले अप्पा

मी लातूरला क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. एक साधा प्रयोग आहे. काचेच्या मोजपात्रात पेट्रोल घ्यायचं, त्यात पाणी घालायचं, तोंड दाबून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. पेट्रोलात इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते पेट्रोलला सोडून पाण्यात उतरतं आणि खालच्या पाण्याची रेघ वर चढते. किती चढली त्यावरून किती मिसळलं होतं ते कळतं. पोरांना हा प्रयोग लई आवडायचा. तीन वर्षं झाली, मी तो करत नाही. कुणी विचारलंच तर ‘परीक्षेला येत नाही’ म्हणतो. लातुरात एवढं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही.

खरं कारण वेगळं आहे, आणि ते सांगायचं तर टर्बोवाल्या अप्पांबद्दल सांगावं लागेल.

अप्पा मूळचे उदगीरकडचे, लिंगायत. नाव शिवमूर्ती, पण ते फक्त लाईटबिलावर. नांदेड, देगलूर, बिदर, पार हैदराबादपर्यंत गाड्यांचं वेड असलेली जी मंडळी होती ती त्यांना टर्बोवाले अप्पा म्हणायची. औसा रोडला आतल्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं गॅरेज. बारीक अंगकाठी, खाकी पँट, वर पांढरी बंडी, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. कपाळावर भस्माचे तीन पट्टे. दहा वाजेपर्यंत त्यातला एक तरी ऑइलच्या बोटानं पुसलेला असायचा. गॅरेजच्या मागं एक छोटी खोली होती. तिथं ते टर्बो उघडायचे, आणि त्या खोलीत चप्पल घालून कुणालाच प्रवेश नव्हता. एक आमदारांचा भाचा बूट काढायला कुरकुरला तर अप्पा म्हणाले, “धूळ आत गेली की टर्बो मेला. तुमचे मामा आले तरी बूट बाहीरच.”

टर्बो म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. चाक केवढं ते मुठीएवढं, पण त्याच्या दांड्यात केसभर खेळ असला तरी अप्पांना बोटानं कळायचा. ते चाक ते डाव्या तळहातावर ठेवून न्याहाळायचे. सकाळी पूजेला लिंगही डाव्या तळहातावरच. मी एकदा गमतीनं ते बोलून गेलो. अप्पा हसले नाहीत. “दोन्ही धरताना हात हलू द्यायचा न्हाई सर. येवढंच सारखं हाय,” म्हणाले आणि कामाला लागले.

शाळा सातवीपर्यंत. आधी ट्रकांचे डिझेल पंप दुरुस्त करायचे. गाड्यांत कॉम्प्युटर आले तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या या माणसानं सेकंडहँड लॅपटॉप घेतला, त्याच्या बटणांवर प्लास्टिक चिकटवलं आणि एका बोटानं सगळं शिकून घेतलं. हवेला किती इंधन, ठिणगी कधी, ह्याचा गाडीच्या कॉम्प्युटरमधला जो तक्ता असतो त्याला आम्ही मॅप म्हणतो. अप्पा त्याला ‘शिधा’ म्हणायचे. शिधा बदलताना इंजिनाला तांब्याची बारीक नळी जोडून तिचं दुसरं टोक कानाला लावून बसायचे. आत स्फोट वेळेआधी व्हायला लागला की खडखड येते, तिला ते फार भ्यायचे. कुणी उगाच ॲक्सिलेटर दाबला की ओरडायचे, “निधान, निधान!” कानडीत सावकाश.

तर असा मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेलो तो हट्ट घेऊन. नवीकोरी नसली तरी जर्मन बनावटीची छोटी गाडी घेतली होती, पेट्रोलवर चालणारी, टर्बोवाली. इंटरनेटवर बघून बघून डोकं फिरलेलं. म्हटलं, “अप्पा, सगळ्यात मोठा टर्बो बसवायचाय.”

अप्पा म्हणाले, “चला, चक्कर मारून येऊ.” नांदेड रोडनं अहमदपूरपर्यंत गेलो. मी जीव तोडून गाडी पळवली. अप्पा शेजारी डोळे मिटून बसले होते, मला वाटलं झोपले. परत आल्यावर त्यांनी हात धुतले आणि बोलले, “सर, तुम्ही सोळा येळा पाय पुरा दाबला. त्यातला बारा येळा मी पाच मोजायच्या आत काढला बी. कुठं उसाची ट्रॉली, कुठं शेळ्या, कुठं गतिरोधक. मोठा टर्बो पाच मोजूस्तवर नुसता आळस देतो. तो जागा होतो तवा तुमी ब्रेक दाबायलेले असता. ल्हान टर्बो पाय ठिवला की उठतो. आता सांगा, आपल्या रस्त्याला कोणता?”

मी केमिस्ट्रीचा मास्तर, पदव्युत्तर, गोल्ड मेडल. पाय किती वेळा दाबला हे मोजायचं मला सुचलं नव्हतं. पण हट्टी माणूस उत्तर कळलं म्हणून ऐकतो थोडंच? शेवटी अप्पा मधल्यावर आले. बाहेरचं घर मूळचंच, आतलं चाक जरा थोरलं. आणि मग इंधनाचं विचारलं.

हा त्यांचा रिवाज होता, आणि दुसऱ्या कुठल्याच गॅरेजात मी तो पाहिला नाही. ज्या पेट्रोलवर गाडी चालणार ते गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं आणून द्यायचं. अप्पा त्यातलं थोडं काचेच्या बाटलीत भरून, बूच मारून, वर गाडीचा नंबर लिहून फळीवर ठेवायचे. त्याच पेट्रोलवर शिधा लावायचा. आणि गिऱ्हाइकानं समोर उभं राहून तोंडानं म्हणायचं, ‘हेच टाकीन.’ कागद नाही, सही नाही. “पंपावरचं साधं पेट्रोल टाकणार आसाल तर मी ताकद कमी ठिवतो, मग कुठंबी भरा, लोह्याला भरा न्हाईतर धर्माबादला. शंभर नंबरचं टाकणार आसाल तर ताणून लावतो. पर मग दुसरं टाकायचं न्हाई. मधे लटकायचं न्हाई,” असं ते प्रत्येकाला सांगायचे.

शंभर नंबरचं म्हणजे शंभर ऑक्टेनचं. दाब वाढला तरी वेळेआधी पेटत नाही असं महागडं पेट्रोल. आमच्याकडं मिळत नाही, हैदराबादहून आणावं लागायचं. मी फळीसमोर उभा राहून म्हणालो, “हेच टाकीन.” म्हणताना हसूही आलं. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना येतं तसं.

पुढं वर्षभर माझे संबंध वाढले. मी रविवारी तिथंच असायचो. अप्पांच्या तोंडाला काही हिशेब नसायचा. एका बागायतदाराला सायलेन्सरमधून फटाके फुटल्यासारखा आवाज हवा होता. अप्पा म्हणाले, “आवाज पायजे तर हलगीवाला सांगा, मी इंजिनवाला हाव.” तो रागावून गेला आणि महिन्यानं टर्बो घेऊन परत आला, बूट बाहेर काढून. मला मात्र ते कधी टाकून बोलले नाहीत. कारण त्यांची धाकटी पोरगी, महानंदा, त्याच वर्षी माझ्या वर्गात आली. तिसऱ्या बाकावर बसायची, प्रश्न विचारताना उभी राहायची. तेव्हापासून मी गॅरेजात पाऊल टाकलं की अप्पा हातातलं काम ठेवून उठायचे, “शरणार्थ सर,” असा लिंगायती नमस्कार करायचे आणि स्टूल बंडीनं पुसून द्यायचे. मी “अहो, राहू द्या,” म्हणायचो. पण बरं वाटायचं.

आता लाजेची गोष्ट.

आमचा गाडीवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, चारशे जणांचा. चालवतो नांदेडचा बालाजी. मोंढ्यात त्याची आडत आहे. बालाजीनं ठरवलं की नांदेडला रोलर आणायचा. म्हणजे गाडीची चाकं रोलरवर चढवायची, जाग्यावरच पळवायची आणि ताकदीचा आकडा काढायचा. हैदराबादहून ट्रकवर ते यंत्र येणार, एका बंद जिनिंगच्या आवारात लावणार. अप्पांना म्हटलं, चला. तर म्हणाले, “रोलरवर गाडी लई पळती, पर गाव येत न्हाई. मला सोयरिकीत लग्न हाय.”

आठवड्यावर रोलर आला आणि माझ्याकडचं शंभर नंबरचं संपलं. हैदराबादला जायला वेळ नव्हता, टेस्ट सिरीज चालू होती. आणि खरं सांगतो, मला वेळेपेक्षा हुशारीच जास्त झाली होती. मनात म्हटलं, हैदराबादहून डबे कशाला वाहायचे? आपल्या भागात साखर कारखाने आहेत, त्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्याही वर. साध्या पेट्रोलात आणखी इथेनॉल घातलं की झालं! एका डिस्टिलरीत माझा जुना विद्यार्थी होता. त्यानं “सर, तुमच्यासाठी कायबी,” म्हणून कॅन आणून दिला. तो कुणाला विचारून आणला, हे मी विचारलं नाही. रिकाम्या वर्गात बोर्डावर गणित मांडलं. आकडा शंभराच्या पुढं आला. स्वतःवरच खूश होऊन बोर्ड पुसला.

ऑक्टेनचं गणित बरोबर होतं. पण तेवढ्याच हवेला इथेनॉल पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त लागतं. गाडीचा शिधा पेट्रोलचा लावलेला. म्हणजे पोट भरायला दोन भाकरी लागतात तिथं सव्वा वाढलेली. इंधन कमी पडलं की आतली आग प्रचंड तापते. कुठल्या हवेला किती इंधन, हा धडा मी दरवर्षी जुलैत शिकवतो. सोळा वर्षं शिकवला.

रविवारी जिनिंगच्या आवारात माझी गाडी रोलरवर चढली. शंभरेक माणसं, तेवढेच मोबाईल. तिसऱ्या फेरीला पाय पुरा दाबून धरला. टाळ्या चालू झाल्या होत्या. आतून एक बोथट आवाज आला, मागून पांढरा धूर, आणि गाडी गप झाली.

बालाजी धावत आला. “सर, काय झालं हो? कोणी ट्यून केली ही?”

त्याला माहीत होतं कुणी केली ते. सगळ्यांनाच माहीत होतं. मी गाडीतून उतरलो, घाम पुसला. माझ्या समोर माझे दोन माजी विद्यार्थी मोबाईल धरून उभे होते. आणि मी म्हणालो, “अप्पांनी शिधा फार ताणला. सातवी शिकलेल्या माणसाच्या हातात कॉम्प्युटर दिला की असंच होणार.”

सातवीचं कशाला काढलं मी? कुणी विचारलं होतं? आजही हे वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. संध्याकाळपर्यंत ते चारशे जणांच्या मोबाईलवर पोचलं होतं.

गाडी ट्रकवर टाकून लातूरला आणली. दुसरीकडं नेली असती तर माझं पितळ उघडं पडलं असतं, आणि अप्पांचं तोंड कसं बंद करायचं ते बघू, असा माझा हलकट विचार होता. अप्पांनी तो व्हिडिओ पाहिला होता की नाही, मला कळलं नाही. त्यांनी उठून “शरणार्थ सर” म्हटलं आणि स्टूल पुसलं.

तिसऱ्या दिवशी इंजिन उघडून झालं आणि त्यांनी मला बोलावलं. गॅरेजात आम्ही दोघंच. एक पिस्टन वितळून त्याला भोक पडलेलं. अप्पांनी प्लग काढून माझ्या हातात दिला. खडूसारखा पांढराफटक, इंधन कमी पडल्याची खूण. मग ते उठले, टाकीतलं पेट्रोल काचेच्या उभ्या नळीत घेतलं, त्यात माठातलं पाणी घातलं, अंगठ्यानं तोंड दाबून हलवलं आणि नळी माझ्यासमोर स्टूलावर उभी केली. आम्ही दोघं बघत बसलो. पाण्याची रेघ चढत चढत इतकी वर आली की मी मान फिरवली.

“ह्ये तर पोरीच्या वहीत बी हाय,” अप्पा हळूच म्हणाले. “तुमीच शिकिवलंय म्हणं.”

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. बालाजी, आणखी दोघं नांदेडचे. मुद्दाम आले होते, काय निघालं ते ऐकायला. मी मनात म्हटलं, संपलं. नळी तिथंच, डोळ्यांसमोर. अप्पांनी एक शब्द बोलायची गरज नव्हती, नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं.

अप्पांनी नळी उचलली आणि बाजूच्या मातीत ओतून दिली. माझ्याकडं न बघता, फक्त मला ऐकू जाईल असं बोलले, “तुमच्यापुढं साठ पोरं बसत्यात सर. त्यात माजी बी एक हाय. तिचा तुमच्यावर लई इश्वास हाय. परीक्षा दोन म्हैन्यावर आली.”

बालाजी आत आला. “अप्पा, काय निघालं? ग्रुपवर लई चर्चा चालू हाय. लोकं काहीबाही बोलून राहिले.”

“माज्याच हातानं झालं,” अप्पा म्हणाले. “इंधन कमी सोडलं मी. चुकलं.”

बालाजीनं माझ्याकडं पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं, नाही, अप्पा खोटं बोलतायत. चार शब्द. मी पिस्टनकडं बघत राहिलो. “जाऊ द्या,” मी म्हणालो. वरून मोठेपणानं! “माणूस आहे, चुकतो.”

इंजिन त्यांनी बांधून दिलं, एक पैसा घेतला नाही, मीही आग्रह केला नाही. मूळचा लहान टर्बो परत बसवला. किल्ली देताना म्हणाले, “आता कुठलंबी पेट्रोल टाका सर. काय होत न्हाई.” आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. फळीवरची माझ्या नंबरची बाटली तिथं नव्हती.

नंतर वर्षभरात त्यांचं गॅरेज कसं ओस पडलं ते मी लातुरात राहून पाहिलं. नांदेडची गाडी येईना, हैदराबादची येईना. ज्याचा इंजिनावर कान, त्यानंच इंजिन जाळलं म्हटल्यावर कोण येणार? ग्रुपवर अप्पांचं नाव निघालं की कुणीतरी माझा व्हिडिओ टाकायचं. मी रोज ठरवायचो, आज लिहू. मग आठवायचं की प्रवेश चालू आहेत, चौकात माझ्या फोटोचे बोर्ड लागलेत, पालक काय म्हणतील, डिस्टिलरीतल्या पोराची नोकरी जाईल. त्या पोराची काळजी मला कॅन घेताना नव्हती आली, लिहायची वेळ आली की बरोबर यायची. महानंदाला जनावरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला. ती पेढे घेऊन आली आणि सगळ्या वर्गासमोर माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले, पोरांना वाटलं सर किती साधे.

एके दिवशी गॅरेजचं शटर बंद दिसलं. पत्र्यावरचं नाव रंग मारून पुसलेलं. चौकशी केली तर कळलं, अप्पा देवणीला पाहुण्याच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये बसतात.

गेल्या दिवाळीनंतर मी देवणीला गेलो. वाटेत चार वेळा गाडी थांबवली, काय बोलायचं ते जुळवलं. शेडमध्ये सात-आठ शेतकरी बसले होते. अप्पा ट्रॅक्टरखाली होते, मला बघून बाहेर आले. केस पांढरे झालेले. “शरणार्थ सर!” म्हणून त्यांनी एका म्हाताऱ्याला बाकावरून उठवलं आणि मला बसवलं. सगळ्यांना सांगितलं, “हे आमच्या पोरीचे सर बरं का. ह्यांच्यामुळं पोरगी डॉक्टरकीला लागली.” म्हाताऱ्यानं मला हात जोडले.

चहा झाला. मी अप्पांना बाजूला घेतलं. म्हणालो, “अप्पा, मी ग्रुपवर सगळं खरं लिहिणार आहे. माझ्या नावानिशी. आजच.”

अप्पा बोटांवरचं ग्रीस पुसत राहिले. मग म्हणाले, “आता कामून लिव्हता सर? मला आता तिकडं जायाचं न्हाई. डोळ्याला बी बारीक दिसंना. आन् पोरगी कालेजात सगळ्यास्नी सांगती, मी अमुक सरांची इद्यार्थीन मून. तिला कामून खाली बघाय लावता? ऱ्हाऊ द्या.”

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हेच सांगायला एवढं लिहिलं. पाठीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं हलकं वाटलं, छाती भरून श्वास घेतला मी. अप्पा माझ्या तोंडाकडंच बघत होते. त्यांना ते दिसलं. इंजिनातली खडखड नळीतून ऐकणारा माणूस, त्याला कसं दिसणार नाही! त्यांनी नजर खाली घातली, मला लाज वाटू नये म्हणून.

“बरं, येतो,” मी म्हणालो.

शेड अगदी रस्त्याला लागून, आणि उसाच्या ट्रॉल्यांची रांग. गाडी मागं घेता येईना. अप्पा तसेच रस्त्यावर आले. मधोमध उभे राहिले, माझ्याकडं पाठ करून, आणि दोन्ही हात आडवे पसरून त्यांनी समोरून येणारी भरलेली ट्रॉली थांबवली. ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता, शिव्या घालत होता. अप्पा जागचे हलले नाहीत. मान वळवून मला म्हणाले, “या सर, येऊ द्या, येऊ द्या. बिनघोर या.”

मी गाडी काढली आणि निघून आलो.